यंदा चतुर्थीला मी पाण्यावर असेन

ती. आई आणि बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

हे पत्र बाळूदादाच्या ईमेलवर पाठवतेय, तो छापून आणून देईल. (बाळूदादा, इथवर वाचलंस तेवढं पुरे.) फोनवर सांगायचा प्रयत्न मी खूपदा केला. पण फोनवर मी एक वाक्य बोलते, आई मध्येच "जेवलीस काय?" विचारते, बाबा "हिच्याशी बोल" म्हणून फोन देऊन मोकळे होतात, आणि तेवढ्यात तुमच्याकडची लाइट जाते. म्हणून लिहितेय. लिहिलेलं मध्येच तोडता येत नाही.

यंदा चतुर्थीला मी येत नाही. ११ ते १७ सप्टेंबर मी मिनेसोटाच्या पार उत्तरेला, कॅनडाच्या हद्दीला लागून असलेल्या तळ्यांत होडीने फिरायला आणि मासे गरवायला जातेय. १४ तारखेला चतुर्थी. परमिट काढून झालंय, रजा मंजूर आहे, होड्याही सांगून ठेवल्यात. म्हणजे विचारत नाहीये, कळवतेय. रागावायचं असेल तर आत्ताच रागावून घ्या, पुढचं शांतपणे वाचता येईल.

आई म्हणेल, जून-जुलै काय ओस पडले होते? नव्हते ओस पडले, उलट भरलेले होते. जूनमध्ये त्या जंगलात डास आणि काळ्या माश्या माणसाला उचलून नेतात. जुलैत गर्दी. सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारची इथली सुट्टी संपली की मुलं शाळेत जातात, माश्या संपलेल्या असतात आणि तळी रिकामी होतात. शिवाय तिथे उठलं आणि गेलं असं चालत नाही. १ मे ते ३० सप्टेंबर या काळात आत शिरायच्या प्रत्येक जागेवरून रोज ठरावीकच परमिटं देतात, आणि त्याचं बुकिंग जानेवारीच्या शेवटच्या बुधवारी सकाळी उघडतं. त्या बुधवारी मी ऑफिसचं काम बाजूला सारून बसले होते. अधिक ज्येष्ठामुळे यंदा चतुर्थी पुढे गेलीय, हे समोरच्या कालनिर्णयात मला दिसत होतं. तेव्हा "लक्षातच आलं नाही गो" असं सांगणार नाही. बरोबर जाणाऱ्या आम्हा चौघींना एकत्र रजा मिळेल असा तोच आठवडा होता. आणि कारणं कितीही दिली तरी खरं एवढंच, की मला जायचंय.

पाणी म्हटलं की आईच्या डोळ्यांपुढे काय येतं ते मला ठाऊक आहे. दादाकाकांचा विषय मी इथे काढत नाही. त्या पावसाळ्यानंतर बाबांनी होडी विकली, आणि मोठी आत्ये अजून नेरूरपारच्या पुलावर गाडी चढली की डोळे मिटून बसते. मी त्यातलं काही विसरलेले नाही. पण त्याच्या आधीचंही विसरलेले नाही. पहाटे खाडीवर धुकं असायचं, मी होडीच्या टोकाला आमिषाच्या सुंगटांचा डबा मांडीत घेऊन बसायचे आणि बाबा माझ्या बोटाला सूत गुंडाळून सांगायचे, "ओढू नको. खाऊ दे त्याला." मासा लागला की सूत बोटात रुतायचं, लाल वळ उठायचा. घरी आल्यावर आई त्यावर खोबरेल चोळायची आणि बाबांना बोलायची, मला नाही. एवढ्या वर्षांत हे कधी बोलले नाही, कारण बोललं की तुम्ही दोघंही स्वयंपाकघरात काहीतरी शोधायला लागता.

आता बाबांसाठी. सोबत नकाशा जोडलाय, पेन्सिलीने वाट आखलीय. इली नावाच्या गावापासून पुढे मूस लेकवरून आत शिरायचं, मग न्यूफाउंड, सकर, बर्च, कार्प, दोन चिमुकली तळी, आणि नाइफ लेक. या सगळ्या मुलखाला बाउंडरी वॉटर्स म्हणतात. दहा लाख एकरांहून मोठं जंगल आणि त्यात हजाराच्या वर तळी. पहिल्या तीन तळ्यांत छोट्या मोटारबोटी चालतात, पुढे फक्त वल्हं. दोन तळ्यांच्या मध्ये जिथे जमीन येते तिथे होडी खांद्यावर घेऊन चालायचं. त्याला पोर्टेज म्हणतात आणि त्याचं माप अजून रॉडमध्ये देतात. एक रॉड म्हणजे साडेसोळा फूट, म्हणजे तुमच्या ३३ फुटी साखळीची बरोबर निम्मी, आठ आणे! मोजणी खात्यातून रिटायर झालेल्या माणसाला हे सांगताना मला जो आनंद होतोय तो फोनवर झाला नसता. दोन रॉड बाय दोन रॉडचा चौकोन घेतलात की तुमचा गुंठा. बसा आता नकाशावर गुंठे पाडत.

होडी जड नसते, आई. केवलार नावाच्या हलक्या, चिवट धाग्याची असते, वीस किलोच्या आतबाहेर. उलटी करून खांद्यावर घ्यायची, मधल्या आडव्या दांडीला उशा असतात. बाबा गणपतीच्या शाळेतून मूर्ती आणताना डोक्यावर चुंबळ ठेवून बांधावरून कसे चालायचे, पाय आधी चाचपून मग भार टाकत, तसंच चालायचं. माझी पाठ बरी आहे. डॉक्टरांना विचारलंय. हो, खरंच विचारलंय.

भीतीच्या गोष्टी एकदाच लिहून टाकते, म्हणजे बाबा रात्री मोबाइलवर शोधत बसणार नाहीत. दोन होड्या, चौघीजणी, आणि त्यातली कॅरेन लहानपणापासून तिथे जाते. लाइफ जॅकेट पाण्यावर असताना अंगातून काढायचं नाही, हा माझाच नियम आहे आणि तिघींनी मान्य केलाय. तिथलं पाणी सप्टेंबरातही गार असतं, पोहता येणाऱ्यालाही गारठवतं. म्हणून मधून न जाता काठाकाठाने जायचं. वारा दुपारी उठतो, म्हणून उजाडताना निघायचं आणि जेवणाच्या आधी तळ टाकायचा. लाटांवर पांढरं दिसलं की त्या दिवशी हलायचं नाही. त्यासाठी एक दिवस मोकळाच धरलाय. आकाश गडगडलं तर पाण्यावर नाही. मोबाइलला रेंज नाही, पण उपग्रहावरून निरोप पाठवणारं यंत्र बरोबर आहे. रोज संध्याकाळी घरी निखिलला "ठीक आहोत" जाईल, तो तुम्हाला व्हॉट्सॲप करेल. त्या यंत्राला मदतीचं बटणही आहे. निरोप यायला एखाद्या दिवशी रात्र झाली तर झाडं दाट आहेत एवढंच समजा.

अस्वलं आहेत. काळी, माणसाला बघून पळणारी. त्यांना आपण नको असतो, आपलं जेवण हवं असतं, म्हणून अन्न अस्वलाला उघडता न येणाऱ्या पिंपात तंबूपासून दूर ठेवायचं, नाहीतर झाडाला उंच टांगायचं. तिथे तसा नियमच आहे. आणि आई, ज्या बाईच्या परसात गवे येऊन केळी मोडून जातात आणि जी त्यांना टोपलं वाजवून हाकलते, तिने मला अस्वलाची भीती घालू नये. वणव्याचं म्हणाल तर २०२१ च्या ऑगस्टमध्ये आगी लागल्या तेव्हा सरकारने ते अख्खं जंगलच काही दिवस बंद ठेवलं होतं. यंदा तसं झालं तर परमिट रद्द, आणि मी घरी बसून मोदक खाईन.

जेवणाचं विचारशीलच. काचेची बाटली आणि पत्र्याचे डबे आत न्यायला बंदी आहे, त्यामुळे सगळं पिशव्यांतून. भाजलेला रवा, पोहे, भाजणी, मेतकूट, मूगडाळ. भातही आहे. तिथले मूळ रहिवासी ओजिब्वे लोक या दिवसांत होडीत बसून तळ्यातलं रानभात काढतात. एकजण लांब काठीने होडी ढकलतो, दुसरा रोपं होडीवर वाकवून दोन काठ्यांनी झोडतो, दाणे आत पडतात. तो काळा लांब दाण्याचा भात कॅरेन आणतेय. शिजायला वेळ खातो, पण आमटीशी चांगला लागतो. नारळाच्या दुधाचा डबा नेता येत नाही म्हणून सोलकढी पावडरीची. हे वाक्य तू वाचलं नाहीस. सुकट मात्र नेत नाही. त्या वासाला कॅनडातलीसुद्धा अस्वलं येतील.

झोपायला गादी आहे, फुगवायची. पांघरूण थंडीचं आहे. संडास आहे! प्रत्येक तळाच्या जागेमागे झाडीत एक पेटी पुरलेली असते. भिंती नाहीत, दार नाही, छप्पर नाही. आपल्या जुन्या घरचा तरी कुठे वेगळा होता?

"चार बायकाच?" हे आत्ये विचारणार, तिला हे वाचून दाखव. ज्या नाइफ लेकवर आम्ही जातोय तिथल्या बेटांवर डोरोथी मोल्टर नावाची बाई राहायची. शिकागोकडची नर्स. १९३० मध्ये मासे पकडायला म्हणून आली, थोड्याच वर्षांत कायमची राहायला आली आणि १९८६ मध्ये तिथेच वारली. जवळचा रस्ता कित्येक मैलांवर, हिवाळ्यात तळ्यावर बर्फाची लादी, आणि ही बाई येणाऱ्याजाणाऱ्याच्या जखमा बांधायची, उन्हाळ्यात घरी केलेलं रूट बिअर नावाचं गोड पेय विकायची. त्यात दारू नसते, आत्येला सांग. सरकारने तो भाग राखीव केल्यावर तिला उठवायला बघितलं, पण लोकांनी उठवू दिलं नाही. तिच्या लाकडी खोपी आता इलीत आणून म्युझियम केलंय. जाताना बघणार आहे.

बाबा, माशांचं. तिथे वॉलाय नावाचा मासा मिळतो, काचेसारखे डोळे, अंधुक उजेडात बाहेर पडतो. म्हणजे दिवेलागणीला गरी टाकायची, खडकाच्या उतारावर, अगदी तळाशी टेकवून. पांढरं मांस, काटे कमी, आईलाही आवडेल. दुसरा पाइक. लांबोडका, सुळ्यांचा, सूत कापून जातो म्हणून त्याला तारेचा तुकडा लावावा लागतो. त्याच्या मांसात फाट्याच्या आकाराचे काटे असतात आणि इथले लोक त्याला कंटाळतात. पेडवे खाऊन मोठ्या झालेल्या मुलीला ते काय सांगतात? लायसन्स काढलंय. किती मासे ठेवायचे याला मर्यादा आहे, मोठे मासे आम्ही सोडून देणार. तुम्ही म्हणाल, सोडायचा तर पकडला कशाला. मलाही नीट उत्तर नाही, पण मोठी मादी अंडी घालते आणि मोठ्या माशात पारा जास्त साठतो, एवढं पुरे. साफ केल्यावरची घाण पाण्यात टाकायची नाही, मुक्कामापासून लांब रानात न्यायची. आईचा मसाला, थोडं आगळ, रवा, आणि लोखंडी तवा. तव्याचं वजन बघून तिघी हसल्या. मी तवा सोडलेला नाही.

ओवीची काळजी नको. निखिल रजेवर आहे, घरचा दीड दिवसाचा गणपती तो बसवतोय, मोदकाचा साचा मागच्या खेपेला तू दिलेलाच आहे. आणि मी १७ ला बाहेर येते. आपला गणपती सात दिवसांचा, म्हणजे शेवटच्या आरत्यांना मी व्हिडिओवर आहे. बाळूदादाला सांगा, फोन समईशेजारी नको, सगळा धूर दिसतो.

आता मी सांगते ते ऐकायचं. बाबांनी गणपतीवरची माटवी बांधायला शिडीवर चढायचं नाही. मी निखळ धमकी देतेय. बाळूदादाचा मोठा मुलगा येईल, त्याला मी बोललेय, माटवीला बांधायची कवंडाळ आणि शेरवडंही तोच रानातून आणेल. तुम्ही खाली खुर्चीवर बसून "डावीकडे घे" म्हणायचं. मूर्ती आणायला रिक्षा सांगा. बीपीची गोळी उपासाच्या दिवशीही घ्यायची, पाण्याबरोबर, देव काही म्हणत नाही. आईने पाटावर बसून करंज्या करायच्या नाहीत, गुडघ्याच्या डॉक्टरांनी काय सांगितलंय ते चिठ्ठीवर आहे आणि चिठ्ठी फ्रिजवर आहे. टेबलावर करा. पन्नास माणसांचं जेवण एकटीने रांधायचं नाही. सावित्रीताईंना चार दिवस यायला सांगितलंय, पैसे मी पाठवलेत, तू वर परत देऊ नकोस. बाबांची मोतीबिंदूची तारीख सप्टेंबरात घेऊ नका. जानेवारीची घ्या.

कारण जानेवारीत मी येतेय. चांगली महिनाभर, ओवीला घेऊन. तिकीट काढलंय, पीएनआर बाळूदादाकडे आहे, म्हणजे नुसतं बोलत नाहीये. डोळ्यांत औषध मी घालीन. आणि डॉक्टरांनी परवानगी दिली की मला धामापूरच्या तळ्यावर जायचंय, तुम्हा दोघांना घेऊन. काठावर बसायचं, बाकी काही नाही. आई, तुला नाही जमलं तर देवळात बस. मी तिथपर्यंत येऊन जाईन मध्ये मध्ये.

एक काम आहे, बाबा. तुम्ही गरीला जी गाठ मारायचा, दोनदा फिरवून आतून घ्यायची ती, ती मला अर्धीच आठवते. इथल्या सगळ्या गाठी मी शिकले, त्याही धरतात, पण तेवढी एक दाखवा. बाळूदादाकडून व्हिडिओ करून घ्या. हात कापत असले तरी चालेल, हळूहळू मारा. नको वाटलं तर नका पाठवू. मी विचारलं एवढंच.

पाऊस फार आहे असं ऐकलं. मागच्या पडवीची कौलं शाकारून घ्या, पुढे ढकलू नका.

तुमची,
मनू

ता. क. आई, मसाला संपत आलाय. नागपंचमीच्या आसपास आमच्या ओळखीचं एक कुटुंब कुडाळहून इकडे यायचंय. त्यांच्याबरोबर अर्धा किलो दे, जास्त नको, त्यांच्या बॅगेचं वजन असतं. तू एक किलो देणार हे मला माहीत आहे.