शिक्क्यांचे कार्ड आणि ‘उद्या या भाऊ’

संपादक महोदय,

नाश्त्याच्या दुकानात दहा चौकोनांचे कार्ड हाती पडते, फोनवर ‘तुमच्या टोपलीत दोन वस्तू शिल्लक आहेत’ असा निरोप येतो, एखादे ॲप ‘तुमची माहिती 80 टक्के पूर्ण’ म्हणून हिरवी पट्टी दाखवते. तिन्हींमागची युक्ती एकच आहे. हाती घेतलेले काम अर्धवट राहिले की माणसाला चुटपूट लागते. गिऱ्हाईक टिकवण्याचा हमखास उपाय म्हणून ही युक्ती छोट्या दुकानदारांना सर्रास सांगितली जाते. सांगताना एक गोष्ट मात्र गाळली जाते, ती म्हणजे काम सुरू कोणी केले आणि ते अडले कोणाकडे.

मुळात शोध काय होता ते पाहू. मानसशास्त्रज्ञ कुर्ट लेविन यांच्या हाताखाली बर्लिनमध्ये शिकलेल्या ब्लूमा झायगार्निक यांनी 1927 साली आपले प्रयोग प्रसिद्ध केले. लोकांना 18 ते 22 छोटी कामे दिली होती : मणी ओवणे, कोडी सोडवणे, मातीच्या आकृत्या करणे. निम्मी कामे पुरी होऊ दिली, निम्मी ऐन रंगात आली असताना काढून घेतली. नंतर आठवायला सांगितले तेव्हा तुटलेली कामे पुऱ्या झालेल्या कामांपेक्षा जवळपास 90 टक्के जास्त आठवली. बिल चुकते होईपर्यंतच ऑर्डर लक्षात ठेवणाऱ्या वेटरची गोष्ट याच संदर्भात सांगतात. आपल्याकडे सावजी भोजनालयात वाढणाऱ्याकडे पाहूनही ती पटावी. मात्र पुढे अनेकांनी हा प्रयोग करून पाहिला, तेव्हा स्मरणाचा हा फरक दर वेळी दिसला नाही. त्याच गटातल्या मारिया ओव्हस्यांकिना यांचे 1928 चे निरीक्षण जास्त टिकाऊ ठरले : काम मध्येच तोडले तर बक्षीस नसतानाही माणूस संधी मिळताच ते पुन्हा हाती घेतो. व्यापाऱ्याच्या कामाची गोष्ट हीच आहे. गिऱ्हाइकाला दुकान नुसते आठवून काय उपयोग, पाय तिकडे वळले पाहिजेत.

आता कार्ड. 2006 साली नुनेस आणि द्रेझ या अभ्यासकांनी अमेरिकेतल्या एका गाडी धुण्याच्या केंद्रावर 300 कार्डे वाटली. निम्म्यांवर आठ चौकोन, सगळे कोरे. निम्म्यांवर दहा, पण दोन आधीच भरलेले. दोन्हीकडे गाडी आठच वेळा धुवायची होती. कोरी कार्डे 19 टक्के लोकांनी पुरी केली, दोन शिक्के असलेली 34 टक्के लोकांनी. काम सुरू झाले आहे, एवढ्या जाणिवेनेच हा फरक पडला. पण ते दोन शिक्के का दिले याचे कारण सांगावे लागते, नाहीतर त्यांचा जोर कमी पडतो.

तर्री पोह्याच्या दुकानावर हे असे बसते : बारा चौकोन, दोन भरलेले, आणि भरल्याचे कारण ‘पार्सलसाठी स्वतःचा डबा आणल्याबद्दल’. प्लेट 30 रुपयांची आणि सामान, गॅस मिळून तिचा खर्च 15 रुपये धरला, तर दहा प्लेटांच्या 300 रुपयांवर एक फुकट प्लेट पाच टक्क्यांना पडते. सरसकट दहा टक्के सूट दिली तर 30 रुपये जातात, आणि तेही परत कधी न येणाऱ्याच्या खिशात. कार्ड फसते ते भलत्याच कारणांनी. पोह्याला लोक आठवड्यातून तीनदा येतात, साडीला वर्षातून दोनदा. साडीच्या दुकानाने दहा चौकोन छापले तर कार्ड भरायला पाच वर्षे लागतील. तिथे तीनच चौकोन बरे. चकचकीत लॅमिनेशनवर साध्या शिक्क्याची शाई धरत नाही, बोटाने पुसली जाते, म्हणून कार्ड बिनपॉलिशचे, 250 ते 300 जीएसएमचे (जीएसएम म्हणजे दर चौरस मीटर कागदाचे ग्रॅममधले वजन) घ्यावे. गोल शिक्का कोणीही करून आणतो. शेजारी तारीख आणि सही हवी. आणि फुकटच्या प्लेटीत तर्री कमी पडली, तर आधीच्या दहा प्लेटांची पुण्याई तिथेच संपते.

कार्ड भरत आले की फेऱ्या वाढतात, हे 2006 सालीच किव्हेत्झ आणि सहकाऱ्यांनी कॉफीच्या कार्डांवर दाखवले. बक्षीस मिळताच फेऱ्या पुन्हा मंदावतात, हेही दाखवले. म्हणून फुकट प्लेट देतानाच नवे कार्ड, पहिला शिक्का मारून, हातात द्यावे. ‘पुढच्या वेळी देतो’ म्हटले की ओढ तुटली.

टोपलीच्या निरोपांबाबत मात्र दुकानदारांची समजूत चुकते. ऑर्डर अर्ध्यावर सोडून गेलेल्या प्रत्येकाचे काम अपुरे राहिलेले नसते. पुष्कळांनी शेवटच्या पानावर घरपोच देण्याचे 80 रुपये पाहिलेले असतात आणि ‘नको’ असे ठरवून काम संपवलेले असते. त्यांना दिवसातून तीन निरोप पाठवणे म्हणजे बंद दारावर थापा मारणे. आधी तो आकार पहिल्या पानावर आणावा. मग निरोप एकच, त्याच दिवशी, आणि त्यात राहिलेली पायरी नेमकी सांगावी : ‘संत्रा बर्फीची चार पाकिटे निवडली होती, पत्ता भरायचा राहिला. दिवाळीआधी हवी असल्यास मंगळवारी दुपारपर्यंत कळवा.’ फार तर दोन दिवसांनी दुसरा. तिसरा नको. व्हॉट्सॲपच्या ब्रॉडकास्ट यादीचा निरोप तसाही ज्याने तुमचा नंबर साठवला आहे त्यालाच पोचतो. बाकीच्यांच्या मागे लागून हाती येते ती ब्लॉकची यादी.

हा निव्वळ सभ्यतेचा प्रश्नही राहिलेला नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 30 नोव्हेंबर 2023 रोजी ऑनलाइन खरेदीतल्या फसव्या रचनांविरुद्ध (‘डार्क पॅटर्न’) मार्गदर्शक तत्त्वे काढली आणि 13 प्रकार नमूद केले. शेवटच्या पायरीवर आकार वाढवणे, सतत टोचणी लावणे, ‘फक्त दोनच शिल्लक’ असे खोटे सांगून घाई करणे, वर्गणी बंद करण्याची वाट लपवणे हे सगळे त्यात आहे. ऑनलाइन मंचांबरोबर विक्रेते आणि जाहिरातदारही या तत्त्वांच्या कक्षेत येतात. ग्राहकाला 1915 या क्रमांकावर तक्रार करता येते.

आता अडलेल्या कामाची दुसरी बाजू. नागपुरात उन्हाळा तोंडावर आला की कूलरच्या मोटरी दुरुस्तीला निघतात. ‘होऊन जाते ना भाऊ, उद्या या,’ हे उत्तर इथे सर्वांच्या ओळखीचे. ब्लाउज शिवणाऱ्याकडे, घड्याळजीकडे तेच. इथेही काम अपुरे आहे, गिऱ्हाइकाच्या डोक्यात घोळतेही आहे, पण ते पुरे करणे त्याच्या हातात नाही. त्याला ओढ नाही, वैताग येतो, आणि पुढच्या वर्षी तो दुसरे दुकान शोधतो. यावरचा उतारा काम त्याच दिवशी करून देणे हा नव्हे. मॅसिकॅम्पो आणि बाउमायस्टर यांनी 2011 साली दाखवले की अपुऱ्या कामाची नेमकी योजना ठरली की ते काम न होताही मनाची भुणभुण थांबते.

दुरुस्तीवाल्यासाठी ही योजना म्हणजे पावती. दोष काय निघाला (बुश, कपॅसिटर, की वाइंडिंगच, म्हणजे मोटरीतली तारेची गुंडाळी, जळाले), वाइंडिंग तांब्याचे करायचे की ॲल्युमिनियमचे, पैसे किती, आणि वार व वेळ. वाइंडिंगचे वार्निश नीट वाळल्याशिवाय मोटर चालवली तर ती पुन्हा जळू शकते, हे गिऱ्हाइकाला माहीत नसते. पावतीवर ‘वार्निश वाळायला एक दिवस’ एवढे लिहिले तरी ‘उद्या’चे कारण त्याला कळते. दिलेली वेळ चुकणार असेल तर फोन दुकानदाराने करायचा, आणि ती वेळ उलटण्याआधी. फोन करून ‘उद्या बघू’ म्हणायचे असेल तर न केलेला बरा. नवा वार आणि नवी वेळ सांगावी.

पावतीपुस्तकात दोष, भाव, वार आणि वेळ असे चार रकाने जादा छापायला प्रेसवाला फारसे अधिक घेत नाही. कूलरची खरी गर्दी होळीनंतर सुरू होते. पुस्तके त्याआधी छापून घेता येतील.

— किरकोळ व्यापार आणि ग्राहकवर्तनाचा एक अभ्यासक, नागपूर