इंटरनेट घड्याळ गावातल्या विजेवर टिकणारे हवे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

शालेय विज्ञान प्रदर्शनीत अलीकडे इंटरनेटवरून वेळ घेणारे घड्याळ हमखास दिसते. ईएसपी ८२६६ हा वायफाय असलेला छोटा मायक्रोकंट्रोलर, म्हणजे एका चिपवरचा चिमुकला संगणक, आणि त्याला चार तारांनी जोडलेला जेमतेम इंचभराचा ओएलईडी पडदा, एवढ्या साहित्यात ते तयार होते. विद्यार्थ्यांच्या या खटपटीचे मला मनापासून कौतुक आहे. परंतु आर्वी तालुक्यातील एका खेड्यात विज्ञान शिकवताना आलेला अनुभव येथे मांडणे मला आवश्यक वाटते.

आमच्या आठवीच्या विद्यार्थ्यांनी केलेले असे घड्याळ प्रदर्शनीच्या मंडपात सेकंदाबरहुकूम चालले. पुढे जूनअखेर शाळा उघडल्यावर पहिल्याच वादळी पावसात लाइन गेली, मोबाइलची रेंजही गेली, आणि तासाभराने वीज परतली तेव्हा पडद्यावर १ जानेवारी १९७०, पहाटेचे साडेपाच वाजलेले होते. मुले हिरमुसली. वास्तविक घड्याळात बिघाड काहीच नव्हता. त्याच्या प्रोग्रॅममध्ये काळ १९७० सालच्या पहिल्या क्षणापासून सेकंदांत मोजला जातो. इंटरनेट नसल्याने त्याने शून्यापासून आरंभ केला आणि भारतीय वेळेसाठी आम्हीच लिहून दिलेले १९,८०० सेकंद, म्हणजे साडेपाच तास, त्यात मिळवले.

त्या दिवशी हे साडेपाच तास कुठून आले यावर वर्गात तासभर चर्चा झाली. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशावरून ठरते, सूर्याला एक अंश ओलांडायला चार मिनिटे लागतात, म्हणून ३३० मिनिटे. आर्वी सुमारे ७८.२ अंशांवर असल्यामुळे आपल्याकडे सूर्य माथ्यावर येतो तेव्हा घड्याळात सरासरी बारा वाजून सतरा मिनिटे झालेली असतात, हे एका मुलीने वहीत स्वतः मांडून दाखवले. पाठ्यपुस्तकातले रेखांश मुलांना एवढे जवळचे झालेले मी त्यापूर्वी पाहिले नव्हते.

घड्याळ दुरुस्त करण्यासाठी आम्ही त्यात डीएस ३२३१ ही बटन सेलवर चालणारी वेळ राखणारी चिप जोडली. इंटरनेट मिळाले की वेळ या चिपमध्ये भरायची आणि एरवी चिपमधली वेळ दाखवायची, एवढाच बदल प्रोग्रॅममध्ये केला. याच कामासाठी डीएस १३०७ ही चिपही वापरतात, पण वर्धा जिल्ह्याच्या उन्हाळ्यात ती घेऊ नये असे माझे मत आहे. तिच्यासोबतचा साधा क्वार्ट्झ स्फटिक २५ अंशांच्या आसपास नीट चालतो आणि ४५ अंशांवर केवळ उष्णतेमुळे दिवसाला सेकंदाहून अधिक मागे पडतो. डीएस ३२३१ स्वतःचे तापमान मोजून चूक सुधारते. तिचा फरक त्या उन्हातही दिवसाला सेकंदाच्या तिसऱ्या हिश्श्याइतकाच राहतो. एक सावधगिरी मात्र शिक्षकांनी जरूर घ्यावी. ही चिप ज्यांवर बसवलेली मिळते त्या अनेक तयार सर्किट-पट्ट्यांवर सेल चार्ज करणारी जोडणी असते, आणि नेहमीचा सीआर २०३२ सेल चार्ज करण्याजोगा नसतो. पट्टीला पाच व्होल्ट दिल्यास तो फुगू शकतो, म्हणून ती ३.३ व्होल्टवरच चालवावी किंवा ती जोडणी तोडून टाकावी.

ईएसपी ८२६६ फक्त २.४ गिगाहर्ट्झचे वायफाय ओळखतो, त्यामुळे मोबाइलचा हॉटस्पॉट ५ गिगाहर्ट्झवर असल्यास घड्याळाला तो सापडत नाही. वेळ मात्र नवी दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या सर्व्हरवरून घ्यावी, कारण देशाची प्रमाणवेळ तेथील अणुघड्याळेच राखतात. तीही तासातून एकदा घेतली तरी पुरते.

प्रदर्शनीच्या परीक्षकांना माझी विनंती आहे की असे घड्याळ समोर आल्यावर त्यांनी त्याची वीज आणि वायफाय दोन्ही बंद करावे, दहा मिनिटांनी फक्त वीज सुरू करावी आणि मग गुण द्यावेत. ज्या शाळांना अटल टिंकरिंग लॅब ही केंद्र सरकारच्या योजनेतील प्रयोगशाळा मिळाली आहे, त्यांनी शेजारच्या दोन-चार खेड्यांतील शाळांसाठी अशी चिप लावलेली घड्याळे विद्यार्थ्यांकडून करून घ्यावीत. इंचभराचा पडदा मागच्या बाकावरून वाचता येत नाही, तेव्हा त्यांत आकडे दाखवणारी लाल दिव्यांची मोठी पट्टी वापरावी.

आपला,
एक विज्ञान शिक्षक,
ता. आर्वी, जि. वर्धा