पॅलाटाइनवरून आई-बाबांना

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

फोनवर सांगायचे धैर्य झाले नाही, म्हणून लिहिते आहे. रोममधील कामाचा करार मी आणखी दोन वर्षांसाठी वाढवून घेतला आहे, सहीसुद्धा झाली. तुम्हाला आधी विचारले नाही, याची बोच मनात आहे. पण बाबा, पॅलाटाइन टेकडीवरील पहिला रोमन सम्राट ऑगस्टस याच्या घरातल्या भित्तिचित्रांचे काम अर्ध्यावर सोडून येणे मला जमले नसते, आणि ही टेकडी माझ्या डोक्यात तुम्हीच भरवलीत. दादा आणि मी भांडलो की तुम्ही लांडगीच्या दुधावर वाढलेल्या जुळ्यांची गोष्ट सांगायचात. नगर कोणी वसवायचे याचा शकुन पाहताना रीमसला आव्हेंटाइन टेकडीवरून सहा गिधाडे दिसली, रोम्युलसला पॅलाटाइनवरून बारा, आणि "मग दोघे झोपले" असे म्हणून तुम्ही दिवा मालवायचात. पुढे भावाच्याच हातून रीमस मेला, हे मला कॉलेजात कळले. तेव्हा तुमच्याविषयी दाटून आलेली माया अजून तशीच आहे.

इसवी सनपूर्व 753 मधील 21 एप्रिल ही नगरस्थापनेची तारीख परंपरेने सांगितलेली. पण ज्या उतारावर रोम्युलसची झोपडी दाखवत असत, तिथेच 1948 च्या उत्खननात लोहयुगीन झोपड्यांच्या खांबांचे खडकात कोरलेले खळगे सापडले. त्यामुळे कथा खरी ठरत नाही, मात्र लोकांनी जागेची आठवण किती निष्ठेने जपली ते दिसते.

आई, एक हकीकत खास तुझ्यासाठी. कार्थेजचा सेनापती हॅनिबल याच्याशी युद्ध चालू असताना, इ.स.पू. 204 मध्ये, रोमकरांनी आशिया मायनरमधून महामातेचा काळा पाषाण सन्मानाने आणवला आणि इ.स.पू. 191 मध्ये तिचे देऊळ याच टेकडीवर उभे राहिले. घडवलेली मूर्ती नव्हे, आपल्या देवीच्या तांदळ्यासारखा नुसता पाषाण! आता केवळ जोते उरले आहे. तिथून जाताना माझे हात आपोआप जुळतात.

ऑगस्टस याच टेकडीवर जन्मला. चाळीसहून अधिक वर्षे, उन्हाळा असो वा हिवाळा, तो एकाच खोलीत निजत असे, असे रोमन चरित्रकार सुएटोनियसने लिहून ठेवले आहे. ते वाचताना बाबांची खिडकीजवळची खाट आठवली. उलट नंतरचा सम्राट डोमिशियन याने राबिरियस या वास्तुकाराकडून इतका अफाट प्रासाद बांधवून घेतला आणि पाठीमागचे दिसावे म्हणून भिंतींना चकचकीत दगड लावला, तरी इ.स. 96 मध्ये त्याचा खून स्वतःच्याच शयनगृहात झाला. टेकडीच्या लॅटिन नावावरून, पॅलाटियमवरून, 'पॅलेस' हा शब्द आला, पण मला जवळचे वाटते ते ऑगस्टसचे घरच.

माझी काळजी करू नका. खोली उबदार आहे, तूरडाळ मिळते, आणि दुपारी टेकडीवरच्या छत्रीसारख्या पाइनखाली मी वरणभाताचा डबा खाते. तुम्ही मात्र ऐका: आईने रक्तदाबाची गोळी चुकवायची नाही, आणि बाबांनी गुडघ्याचे व्यायाम उद्यापासून सुरू करायचे. 21 एप्रिलला इथे रोमचा वाढदिवस साजरा होतो. त्यासाठी तुम्ही दोघांनी यायचे आहे. पायथ्याच्या फोरमपासून, म्हणजे प्राचीन रोमच्या मुख्य चौकापासून, वर सुमारे चाळीस मीटरचा चढ आहे; आपण दर वळणावर बसत बसत जाऊ.

तुमची,
धाकटी