ती दिवेवाली हळदणकरांची

महोदय,

दिवाळी आली की हातात दिवा घेतलेल्या त्या तरुणीचे चित्र मोबाइलवर फिरू लागते आणि खाली हटकून ‘राजा रविवर्मा’ असे लिहिलेले असते. यंदा तर आमच्या सोसायटीत वाटलेल्या छापील शुभेच्छापत्रावरही तेच. चित्र आहे सावंतवाडीच्या सावळाराम लक्ष्मण हळदणकरांचे, आणि मूळ चित्र म्हैसूरच्या जगन्मोहन पॅलेसमध्ये आहे. चित्रातली मुलगी हळदणकरांची लेक. ती २०१८ मध्ये कोल्हापुरात १०२ वर्षांची होऊन गेली. रविवर्मा गेले १९०६ साली. म्हणजे त्यांच्या हयातीत या मुलीचा जन्मही झालेला नव्हता!

नावाची चूक म्हणून सोडून दिले असते. पण रविवर्मा म्हटले की बघणारा तिच्यात लक्ष्मी नाहीतर दमयंती शोधू लागतो. इथे तसे काही नाही. घरातली मुलगी आहे, एका हातात दिवा, दुसऱ्या हाताचा आडोसा. प्रकाश खालून चेहऱ्यावर येतो आणि ज्योतीसमोर धरलेली बोटे कडेने लालसर दिसतात. लहानपणी वीज गेली की आम्ही टॉर्चवर तळहात दाबून धरायचो, तेव्हा दिसायचा तोच हा लाल रंग. तुळशीपाशी दिवा नेताना आईची बोटेही अशीच दिसायची.

‘ग्लो ऑफ होप’ या नावामुळे सगळे ‘आशेचा किरण’ म्हणून मोकळे होतात. मला ते नाव जरा भपकेबाज वाटते. आशाबिशा नंतर, आधी ती वाऱ्याने दिवा विझू नये एवढेच बघते आहे. चित्राचा सगळा भाव त्या आडोशाच्या हातात आहे. आणि बाप लेकीला रंगवतो आहे हे कळल्यावर तो आडोसा नुसता दिव्याला राहत नाही.

शिवाय हे तैलरंगातले नव्हे, जलरंगातले काम. जलरंगात उजेड वरून चढवायचा नसतो, कागदाचा पांढरेपणाच राखून ठेवावा लागतो. रंग तिथे एकदा ओघळला की संपले. भोवती एवढा काळोख भरून ती ज्योत कोरडी ठेवणाऱ्याचे नाव तरी चित्राखाली नको का?

पुढच्या दिवाळीला कार्डे छापणाऱ्यांनी एवढे करावे: ‘सा. ल. हळदणकर, जलरंग’.

– एक वाचक, कुडाळ