ताटली रिकामी परत करू नये

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

परदेशी शिकायला गेलेल्या आपल्या मुलांना तिथं जुळवून घेताना काय काय सोसावं लागतं, यावर आपल्या रविवारच्या पुरवणीत पत्रं येत आहेत. मला त्यात उलटी बाजू मांडायची आहे. युरोपातली पोरं परक्या मुलखात कशी बावचळतात, ते मी या जून-जुलैत अगदी जवळून पाहिलं.

माझी मुलगी आणि जावई तुर्कस्तानात एस्किशेहिरला असतात. पोर्सुक नदीकाठचं विद्यापीठाचं गाव, अंकाराहून वेगवान गाडीनं दीड तासावर. त्यांच्या खालच्या मजल्यावर तीन स्वयंसेवक राहत होते: एक मुलगी स्पेनची, एक इटलीची आणि मुलगा पोलंडचा. तरुणांना परदेशी समाजकामासाठी पाठवणारी युरोपीय संघाची ही योजना 1996 ची. 2018 पासून ती 'युरोपियन सॉलिडॅरिटी कोअर' या नावानं चालते. वय 18 ते 30, मुदत जास्तीत जास्त 12 महिने. प्रवास, निवास, जेवण, विमा आणि थोडा हातखर्च मिळतो. तुर्कस्तान संघाचा सदस्य नाही, पण या योजनेत आहे.

पोलंडचा मुलगा एकदा तणतणत वर आला. कोपऱ्यावरच्या वाण्याला त्यानं पाव आहे का विचारलं, तर त्या माणसानं भुवया उंचावून, मान किंचित मागं टाकून नुसतं 'च्यक्' केलं. मुलाला वाटलं, हाकलून दिलं. मला हसू आवरेना. आमच्या साताऱ्याकडं कुठल्याही पोराला 'जेवलास का रे?' विचारा, न जेवलेलं पोर हेच करतं! पाव संपला होता, एवढंच.

शेजारच्या सत्तरीच्या बाईंना ही तिघं सुरुवातीला नुसत्या नावानं हाक मारत. तिथं नावापुढं 'तेयझे', म्हणजे मावशी, लावल्याशिवाय भागत नाही. काका, दादा, ताई यांनाही शब्द आहेत: आमजा, आबी, आब्ला. मला हे कुणी शिकवावं लागलं नाही. त्या मुलांना मात्र आल्या आल्या झालेल्या प्रशिक्षणात सांगूनही जीभ वळत नव्हती.

मोहरमच्या महिन्यात या मावशींनी जिन्यातल्या सगळ्या घरी 'आशुरे' वाटलं. गहू, हरभरे, पांढरा राजमा, जर्दाळू, अंजीर एकत्र शिजवून केलेली दाट खीर, वर डाळिंबाचे दाणे. मुलींनी वाडगा चाटूनपुसून खाल्ला, स्वच्छ घासला आणि रिकामा परत नेऊन दिला. मावशी काही बोलल्या नाहीत, पण चेहरा पडलेला मी दारातून पाहिला. संध्याकाळी मुलींना सांगितलं, की भांडं रिकामं परत करत नसतात; काहीच नसेल तर चिमूटभर साखर घालावी, माझी आई तेच करायची. दुसऱ्या दिवशी स्पेनच्या मुलीनं बटाटा-अंड्याचं जाड ऑम्लेट थापून मावशींचीच एक ताटली मागून घेतली आणि भरून परत दिली. मग ती ताटली महिनाभर जिन्यातून वरखाली फिरत राहिली.

सगळं गोडच होतं असं नाही. या तिघांना ज्या केंद्रात काम होतं, तिथं शाळा सुटल्यावर गावातली मुलंच येईनात. केंद्रातल्या लोकांना विचारलं की उत्तर एकच, चहा घ्या, बघू. "मी चहा प्यायला आलेलो नाही," असं पोलंडचा मुलगा चिडून म्हणायचा. त्याचं काही चुकलं नाही; नियोजन ढिसाळच होतं. शेवटी तो चहाच्या बागेत म्हाताऱ्यांशी 'तावला' खेळायला बसू लागला. सोंगट्या-फाशांचा हा खेळ. आकडे मात्र फारसी: येक, दु, से, जिहार, पेंज, शेश. मला पत्त्यातली दुर्री आणि पंजी आठवली. तुर्की त्याला केंद्रापेक्षा तिथंच जास्त आलं. जिना झाडणाऱ्या माणसाला 'कोलाय गेल्सिन', म्हणजे काम सोपं जावो, असं तो आपणहून म्हणू लागला. याला मराठीत प्रतिशब्द मला अजून सापडलेला नाही.

हे लिहिण्याचं कारण असं. मी नऊ वर्षं राष्ट्रीय सेवा योजनेचा कार्यक्रम अधिकारी होतो. दोन वर्षांत 240 तास आणि सात दिवसांचं निवासी शिबिर. पाचव्या दिवशी गावातली एखादी आजी चहाला हाक मारते आणि सातव्या दिवशी आम्ही टेम्पोत सामान भरतो. शोषखड्डे होतात, फोटो होतात, ओळख होत नाही. विद्यापीठांनी निदान पाच-दहा विद्यार्थ्यांना सहा महिने परराज्यात ठेवून बघावं. सांगलीचं पोर ओडिशातल्या गावात राहू दे, भाषेवाचून अडू दे, कुणाच्या दारात चुकू दे. खर्च होईल, पण जेवण, भाडं आणि हातखर्च एवढाच.

तिघांपैकी दोघं आता परत गेली. जाताना ताटली माझ्या मुलीकडं राहिली. तिच्यात काय घालून द्यायचं, हे विचारायला कालच तिचा फोन आला होता. शंकरपाळी कर म्हणालो.

आपला,
एक निवृत्त प्राध्यापक, सातारा