मूळ प्रश्न मागेच राहतो

मा. संपादक,
स. न. वि. वि.

एक गोष्ट बरेच दिवस मनाला लागून राहिली आहे, म्हणून हे पत्र. घरातल्या आजारी वृद्धांची काळजी घेणाऱ्यांच्या एका ऑनलाइन गटात मी आहे. एका रात्री एका गृहस्थांनी विचारले, ‘विस्मरणाचा आजार झालेले माझे वडील मध्यरात्री उठून घराबाहेर पडतात. काय करू?’ पहिली उत्तरे फार चांगली होती. कडी सहज दिसणार नाही अशी, दाराच्या अगदी वरच्या बाजूला लावा. दिवसा त्यांना चालायला न्या, म्हणजे रात्री झोप लागेल. नाव आणि फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी कायम खिशात असू द्या. मग कुणीतरी त्यांतल्या एका उत्तरातली ऱ्हस्व-दीर्घाची चूक काढली. दुसरा म्हणाला, ‘मुद्द्याचे बोला.’ त्यावर ‘तुम्ही कोण मला शिकवणार?’ आणि मग विषय सुटला तो सुटलाच. जुनी भांडणे उकरली गेली, कोण किती शिकलेले ते निघाले, एकमेकांच्या घरच्यांपर्यंत मजल गेली. मीही दोन खोचक वाक्ये लिहिली. ती लिहिताना रात्री दाराबाहेर पडणारे ते वडील माझ्या ध्यानातही नव्हते, याची मला आजही लाज वाटते. सकाळी त्या गृहस्थांचा शेवटचा निरोप होता : ‘माझा प्रश्न मी मागे घेतो.’

भांडणारे सगळे अजून गटात आहेत. ते गृहस्थ मात्र गेले.

हा सगळा इंटरनेटचा दोष, असे म्हणून हात झटकता येत नाहीत. ‘न्यायसूत्रे’ या तर्कशास्त्रावरच्या प्राचीन संस्कृत ग्रंथाने फार पूर्वी चर्चेचे तीन प्रकार सांगितले : सत्य शोधण्यासाठी तो वाद, जिंकण्यासाठी तो जल्प, आणि स्वतःची काहीच बाजू न मांडता दुसऱ्याचे खोडत बसणे ती वितंडा. आपला ‘वितंडवाद’ तिथलाच. त्याच ग्रंथात वादात हार ठरवणारी २२ निग्रहस्थाने दिली आहेत आणि त्यांत ‘अर्थान्तर’ हे एक आहे. चालू विषयाशी संबंध नसलेले बोलू लागणे, म्हणजे अर्थान्तर. विषय सोडला की माणूस हरला, इतका साधा नियम. आज विषय सोडून जो सर्वांत जास्त बोलतो, तोच जिंकल्यासारखा दिसतो.

पडद्याने त्यात भर घातली, हेही खरे. जॉन सुलर या मानसशास्त्रज्ञाने २००४ मध्ये यावर लिहिले आहे. समोरच्याचा चेहरा दिसत नाही, आपली ओळख झाकलेली राहते, उत्तर लगेच झेलावे लागत नाही. त्यामुळे समोरासमोर जे बोलायला जीभ रेटणार नाही, ते बोटे लिहून जातात. समोरच्याचे डोळे भरून आलेले दिसले असते, तर त्या रात्री आमच्यापैकी निम्मे तरी थांबले असते, असे मला वाटते.

उपायही नवा नाही. इंटरनेटवरच्या शिष्टाचाराची एक मार्गदर्शिका १९९५ मध्येच निघाली होती. रागाच्या भरात लिहिलेले उत्तर रात्रभर थांबून मग पाठवा, आणि मतभेद एकाच व्यक्तीशी असेल तर तो गटासमोर न चालवता त्या व्यक्तीलाच लिहा, असे तीत स्पष्ट सांगितले आहे. हे दुसरे मला जास्त मोलाचे वाटते. बघणारे नसले की अशी बहुतेक भांडणे दोन निरोपांत संपतात; माझा अनुभव तरी तसाच आहे.

आपल्याला हे लिहिण्याचे कारण म्हणजे वाचकांच्या पत्रांना अजून मध्यस्थ आहे. विषय सोडून लिहिलेले आपण कापता, वैयक्तिक हल्ला छापत नाही. तरीही उत्तराला उत्तर, त्याला प्रत्युत्तर असे सुरू झाले की तिसऱ्या पत्रापर्यंत पहिल्याने काय विचारले होते ते वाचकाला आठवत नाही. म्हणून एक विनंती : एखाद्या पत्रावरच्या प्रतिक्रिया छापताना मूळ पत्राचा मुद्दा दोन ओळींत वर द्यावा. आमच्या गटातही मी हाच आग्रह धरला आहे. आता प्रत्येक चर्चेच्या वर मूळ प्रश्न दिसत राहतो.

आपला,
एक नियमित वाचक