दाखल्याची पीडीएफ कुठे कुठे फिरून येते?

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

तालुक्याच्या गावी, तहसील कार्यालयासमोर, माझे झेरॉक्स आणि टंकलेखनाचे दुकान आहे. दहावी-बारावीचे निकाल लागले की दुकानापुढे रांग लागते, आणि त्या रांगेतला जवळपास प्रत्येक जण आल्या आल्या म्हणतो, “तुमचा व्हॉट्सॲप नंबर सांगा, फाइल टाकतो.” मग त्याचे आधार कार्ड, वडिलांच्या उत्पन्नाचा दाखला, जातीचे प्रमाणपत्र आणि बँक पासबुकाचे पहिले पान माझ्या दुकानातील संगणकावर उतरते. पाच-दहा रुपयांची छपाई होते, माणूस कागद घेऊन घरी जातो आणि फाइल मात्र माझ्याकडे राहते.

संगणक फारच मंद चालू लागला म्हणून मी एकदा डाउनलोडचे फोल्डर उघडून पाहिले, तेव्हा त्यात काही हजार फाइली निघाल्या. त्यांतील कित्येकांचे नाव ‘आधार’ एवढेच होते आणि पुढे कंसात चढता आकडा होता. व्हॉट्सॲपवरून येणारा संदेश २०१६ पासून वाटेत कोणाला वाचता येत नाही, हे खरे आहे. परंतु तो माझ्या संगणकावर पोचला की तेथे त्याला ना कुलूप ना कडी. मी त्या कागदांना कधी हात लावला नाही, पण हा केवळ माझ्या गिऱ्हाइकांच्या नशिबाचा भाग झाला. सुटीत हाताखाली घेतलेला मुलगा, संगणक दुरुस्तीसाठी घेऊन जाणारा कारागीर किंवा गर्दीत काउंटरच्या आत येऊन उभा राहणारा कोणीही पेन ड्राइव्ह लावून ते सगळे पाच मिनिटांत घेऊन गेला असता. आमच्या धंद्यातील बरीच मोठी झेरॉक्स यंत्रे वापरून झालेली, दुसऱ्या हातची असतात आणि त्यांतील अनेकांमध्ये हार्ड डिस्कही असते, जिच्यावर छापलेल्या कागदांच्या प्रती राहू शकतात. जुने यंत्र विकताना ती कोणी पुसून देतो, असे निदान मी तरी पाहिलेले नाही.

तरीही माझे दुकान गिऱ्हाइकाला दिसते, माझा चेहरा त्याच्या ओळखीचा असतो आणि काही बिघडले तर तो येऊन मला जाब विचारू शकतो. मला जे प्रामुख्याने मांडायचे आहे ते याच्या पुढचे आहे. ऑनलाइन अर्जात फोटो अमुक केबीच्या आत, दाखला तमुक केबीच्या आत अशी अट असते. मोबाइलवर काढलेला फोटो मात्र तीन-चार एमबीचा असतो. अर्ज पुढे जात नाही, मुदत संध्याकाळी संपणार असते, आणि गिऱ्हाईक म्हणते, “पीडीएफ छोटी करून द्या.” अशा वेळी बहुतेक दुकानांत जे होते, तेच मीही अनेक वर्षे करीत होतो. गुगलवर शोधायचे, पहिली येईल ती फुकट साइट उघडायची, तिच्यावर दाखला चढवायचा आणि छोटा होऊन आला की उतरवून घ्यायचा. त्या साइटचा संगणक कोणत्या देशात आहे, त्याचा मालक कोण आणि दाखल्याची प्रत तेथे किती दिवस राहते, याची चौकशी मी एकदाही केली नाही. काही साइटवर ‘तासाभरात फाइल पुसली जाते’ असे लिहिलेले असते. पण ती पुसली गेली की नाही, हे पाहण्याचा कोणताही मार्ग आपल्याकडे नसतो. सरकारला द्यायचा कागद सरकारकडे जाण्याआधी एका अनोळखी तिसऱ्याच्या घरी जाऊन येतो, आणि त्याला तेथे पाठवणारी अट अर्जातच लिहिलेली असते.

ही भीती अगदीच हवेतली नाही. ‘कॅमस्कॅन करून पाठवा’ हे आपल्याकडे जणू क्रियापदच झाले होते. ऑगस्ट २०१९ मध्ये कॅस्परस्की या सुरक्षा कंपनीच्या संशोधकांना कॅमस्कॅनर या मोबाइलवर कागद स्कॅन करणाऱ्या ॲपच्या अँड्रॉइड आवृत्तीत जाहिरातींच्या एका घटकामार्फत शिरलेला घातक भाग आढळला आणि गुगलने ते ॲप काही काळ प्ले स्टोअरवरून काढले. पुढे जून २०२० मध्ये केंद्र सरकारने बंदी घातलेल्या ५९ ॲपमध्येही त्याचे नाव होते. लोकांनी त्यानंतर काय केले? दुसरे फुकट ॲप घेतले. त्याच्या आत काय आहे, हे पाहण्याची सोय तेव्हाही नव्हती आणि आताही नाही.

विंडोज १० ला मिळणारे नियमित सुरक्षा अद्ययावतीकरण १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबले आणि माझा जुना संगणक पुढच्या आवृत्तीसाठी अपात्र ठरला, तेव्हा तंत्रनिकेतनात शिकणाऱ्या माझ्या पुतण्याने त्यावर विंडोजच्या जागी लिनक्स मिंट ही विनामूल्य कार्यप्रणाली घालून दिली. दुकानातील लेझर प्रिंटर त्यावर चालता करण्यात आमचे दोन रविवार गेले, हे लपवण्यात अर्थ नाही. जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमध्ये टाइप केलेली प्रतिज्ञापत्रे अजूनही मध्येच त्रास देतात. पण पीडीएफ छोटी करणे हे काम मात्र मला वाटले होते त्याच्या दशांशानेही अवघड निघाले नाही. लिबरऑफिस या कार्यालयीन कामाच्या प्रोग्रॅमसंचातील ‘ड्रॉ’मध्ये पीडीएफ उघडायची आणि पुन्हा पीडीएफ म्हणून बाहेर काढताना चित्रांचा दर्जा व रिझोल्यूशन कमी करायचे, एवढेच ते काम आहे. फोटोसाठी गिम्प हा प्रोग्रॅम आहे. त्यात जतन करतानाच फाइल किती केबीची होणार ते समोर दिसते. १९८८ पासून चालत आलेला घोस्टस्क्रिप्ट हा प्रोग्रॅम तर एका ओळीच्या आज्ञेवर पीडीएफचा अख्खा गठ्ठा लहान करून देतो. ही सगळी साधने विनामूल्य आहेत, विंडोजवरही चालतात आणि इंटरनेटची वायर काढून ठेवली तरी काम करतात.

येथे कोणी विचारील, आणि त्याने विचारावेच, की वायर नसताना काम झाले म्हणजे वायर लावल्यावर प्रोग्रॅम गुपचूप काही पाठवणार नाही, हे कशावरून? याचे उत्तर मुक्तस्रोत म्हणजेच ओपन सोर्स या शब्दात आहे. या प्रोग्रॅमचा मूळ कोड सर्वांसाठी खुला असतो. मला स्वतःला त्यातले एक अक्षर कळत नाही, परंतु ज्यांना कळते ते तो वाचू शकतात. मार्च २०२४ मध्ये लिनक्समध्ये सर्रास वापरल्या जाणाऱ्या एक्सझेड या छोट्या घटकात कोणीतरी चोरदरवाजा बसवून ठेवला होता. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला लॉगिन होताना सुमारे अर्ध्या सेकंदाचा उशीर होतो आहे असे जाणवले, त्याने खोदून पाहिले आणि तो उघडकीस आला. म्हणजे मुक्तस्रोत प्रोग्रॅममध्येही खोट असू शकते. फरक एवढाच, की तेथे संशय आल्यावर कोणाची परवानगी न मागता तपासता येते. फुकट साइटच्या बाबतीत संशय आला तरी आपण फक्त बसून राहतो.

सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानुसार ज्या कामासाठी माहिती घेतली ते काम संपले की ती पुसणे बंधनकारक आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून मुख्य बंधनांसाठी १८ महिन्यांची मुदत आहे. गंमत अशी, की हा कायदा डिजिटल माहितीपुरता असल्यामुळे कागदावरून कागदावर काढलेली झेरॉक्स त्याच्या बाहेर राहते, पण तोच कागद व्हॉट्सॲपवर आला की कायद्याच्या कक्षेत येतो. आमच्यासारख्या दुकानदारांना हे अद्याप कोणी येऊन सांगितलेले नाही. मे २०२२ मध्ये आधार प्राधिकरणाच्या बेंगळुरू कार्यालयाने आधारच्या प्रती सरसकट देऊ नका, शेवटचे चारच आकडे दिसणारे ‘मास्क्ड’ आधार वापरा आणि कॅफेच्या संगणकावर आधार उतरवले तर सर्व प्रती कायमच्या पुसा, असे पत्रक काढले होते. त्याचा गैरअर्थ निघेल म्हणून दोनच दिवसांत ते मागे घेण्यात आले आणि लोकांना नेहमीची सावधगिरी बाळगण्यास सांगण्यात आले. माझ्या मते ते पत्रक शहाणपणाचे होते, आणि नेहमीची सावधगिरी म्हणजे काय ते माझ्या डाउनलोडच्या फोल्डरने मला दाखवले आहे.

म्हणून माझी विनंती अर्जांची संकेतस्थळे बनवणाऱ्या खात्यांना आहे. फाइल लहान करण्याचे काम अर्जाच्या पानावरच, अर्जदाराच्या स्वतःच्या ब्राउझरमध्ये, फाइल पुढे जाण्याआधी होऊ शकते. त्यासाठी लागणारी मुक्तस्रोत साधने उपलब्ध आहेत आणि सरकारी प्रणालींत मुक्तस्रोताला प्राधान्य द्यावे, असे केंद्राचे धोरण २०१५ पासून आहे. त्या भागाचा कोड प्रसिद्धही करावा. आरोग्य सेतूच्या अँड्रॉइड ॲपचा कोड २६ मे २०२० रोजी खुला केला होता, तर उत्पन्नाच्या दाखल्याची पीडीएफ लहान करणाऱ्या चार ओळींत लपवण्यासारखे काय असणार? आणि जेथे हे जमत नसेल तेथे निदान केबीची अट तरी आजच्या मोबाइलला शोभेल इतकी सैल करावी.

आम्हा दुकानदारांकडून व्हायचे ते आम्हीच केले पाहिजे. ‘तुमची फाइल आज रात्री पुसली जाईल’ अशी पाटी मी लावली आहे. पाटी लावल्याच्या पहिल्याच आठवड्यात वाडीवरून आलेले एक आजोबा दुसऱ्या दिवशी परत आले आणि फाइल पुसली म्हणून माझ्यावर रागावले, कारण मूळ दाखला घरी होता आणि परतीची एसटी दुपारी. तेव्हापासून मी छपाई झाल्यावर विचारतो, “ठेवू की पुसू?” बहुतेक जण म्हणतात, “राहू द्या, परत लागेल.” अशांचे नाव आणि तारीख मी वहीत लिहून घेतो, त्यांना समोर सही करायला लावतो आणि आठव्या दिवशी फाइल पुसतो.

आपला विश्वासू,
एक झेरॉक्स व्यावसायिक, जि. सातारा